कॅथोड किरण आणि विरळ हवेतली वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना वर्षातून एकदा मी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे लावून विसर्जन नळी, म्हणजे हवा उपसून आतून वीज सोडलेली काचेची नळी, पेटवतो. त्या तासाला मुलं जितके प्रश्न विचारतात तितके वर्षभरात विचारत नाहीत, आणि दरवर्षी ते बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. या गोष्टीतला नायक कोण, असं विचाराल तर मी कुणा प्राध्यापकाआधी हवा उपसणाऱ्या पंपाचं नाव घेईन. का, ते पुढे येईलच.

हवेतून तर वीज जात नाही. मग नळीतून कशी जाते?

हवेतून वीज अगदीच जात नाही असं नाही. अवकाशातून येणारे वैश्विक किरण आणि जमिनीतली किरणोत्सारी द्रव्यं यांच्यामुळे हवेत कायमच थोडे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन (भारित अणू-रेणू) असतात. विजेचा दाब लावला की ते धावू लागतात. अडचण गर्दीची असते. नेहमीच्या हवेत एखादा रेणू दोन टकरींच्या मध्ये सरासरी मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग एवढंच अंतर जातो. इलेक्ट्रॉनला याच्या काही पट मोकळीक मिळते, पण तीही तुटपुंजी. वेग घेण्याआधीच तो कुणावर तरी आपटतो आणि कमावलेली ऊर्जा गमावतो. अशा हवेत एक सेंटिमीटर फटीतून ठिणगी पाडायला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात.

हवा विरळ केली की धावायला जागा होते. पुरेशी ऊर्जा घेऊन आपटलेला इलेक्ट्रॉन समोरच्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. मागे उरलेले धन आयन उलट्या दिशेने कॅथोडवर, म्हणजे नळीच्या ऋण टोकावर, जाऊन आदळतात आणि त्याच्या पृष्ठभागातून नवे इलेक्ट्रॉन काढतात. हे चक्र स्वतःच्या बळावर चालू राहिलं की नळी पेटली असं म्हणायचं.

पंप सुरू केल्यावर नळीत नेमकं काय काय दिसतं?

हे खरं तर डोळ्यांनी बघायचं असतं, पण शब्दांत सांगून पाहतो. काचेची हातभर लांब नळी, दोन टोकांना धातूच्या चकत्या, इंडक्शन कॉइलमधून (व्होल्टेज वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून) दहा-पंधरा हजार व्होल्ट. बाजूला पंपाची घरघर. पुढचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमधले आहेत. बाहेरच्या हवेचा दाब ७६०.

सुरुवातीला काहीच होत नाही. दाब १०च्या आसपास आला की जांभळट रेघा तडतडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळवळू लागतात. आणखी थोडी हवा गेली की तडतड थांबते, रेघा पसरतात आणि जवळजवळ सगळी नळी गुलाबी उजेडाने भरते. या भरलेल्या भागाला धन स्तंभ म्हणतात. वर्गातून पहिला ‘आहा’ इथे येतो.

दाब १च्या जवळ आला की स्तंभ कॅथोडपासून मागे सरकतो. कॅथोडला चिकटून निळसर झळाळी दिसते आणि तिच्या व स्तंभाच्या मध्ये एक काळी जागा पडते. हा फॅराडेचा अंधारा पट्टा. मायकेल फॅराडेने तो १८३८मध्ये पाहिला, तेव्हाच्या साध्या पंपाने. ०.१च्या आसपास निळी झळाळीही कॅथोड सोडून पुढे सरकते आणि तिच्या मागे दुसरी काळी जागा उघडते. ही विल्यम क्रूक्सच्या नावाची. त्याच वेळी गुलाबी स्तंभाचे थर पडतात, एकामागे एक ठेवलेल्या बांगड्यांसारखे. मला स्वतःला ही अवस्था सगळ्यात सुंदर वाटते आणि मी पंप इथे मुद्दाम थोडा वेळ थांबवतो.

मग ती काळी जागा वाढत जाते. ०.०१ला ती सगळी नळी व्यापते. वायूचा उजेड संपतो आणि कॅथोडच्या समोरची काच पिवळट हिरवी चमकू लागते. कॅथोड किरण, म्हणजे कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन, इथे आपलं अस्तित्व दाखवतात. यापुढेही उपसत राहिलं तर काच मालवते आणि नळीतून वीज जाणंच बंद होतं.

हे अंधारे पट्टे का पडतात?

इलेक्ट्रॉनने अणूला धक्का दिला तर उजेड पडतो, पण त्या धक्क्याला ठरावीक ऊर्जा लागते. कॅथोडपाशी निघालेल्या इलेक्ट्रॉनला ती मिळवायला काही अंतर धावावं लागतं. नळीवरच्या व्होल्टेजचा मोठा वाटा याच धावपट्टीवर खर्च होतो. तो भाग क्रूक्सचा काळोख. पुढे जोरदार टकरी होतात, तिथे निळी झळाळी. टकरींत ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन पुन्हा मंद झाले की फॅराडेचा काळोख. तिथून हळूहळू वेग घेतला की धन स्तंभ. स्तंभाचे थरही असेच पडतात: ऊर्जा मिळवली, खर्च केली, पुन्हा मिळवली.

एक गोष्ट पुस्तकांत सहसा नसते. दोन्ही चकत्या जवळ आणत गेलं तर आखडतो तो फक्त धन स्तंभ. कॅथोडजवळची रचना जशीच्या तशी राहते. म्हणजे डोळ्यात भरणारा गुलाबी भाग हा मधलं अंतर भरून काढणारा दुवा आहे, आणि खरं काम कॅथोडपाशीच्या काळ्या जागेत चालतं.

दाब कमी केला की वीज सहज जाते. मग अगदीच कमी केला की पुन्हा का अडते?

कारण टकरीसाठी समोर कुणीतरी लागतं. गर्दी फार असेल तर वेग येत नाही, आणि मैदान रिकामं असेल तर वेग येऊनही धडकायला कुणी नसतं. या दोहोंच्या मध्ये एक सोयीची जागा आहे. फ्रिडरिश पाशेनने १८८९मध्ये दाखवलं की नळी पेटायला लागणारं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. हवेसाठी तो गुणाकार सोयीचा असेल तर सुमारे ३३० व्होल्ट पुरतात. मघाच्या ३०,००० व्होल्टच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

‘निर्वात’ या शब्दाबद्दलही इथेच बोलायला हवं. ०.०१ मिलिमीटरला आपण नळीला निर्वात म्हणतो, पण तिच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अजून तीन कोटी गुणिले एक कोटी एवढे रेणू शिल्लक असतात. फरक इतकाच की आता रेणूला दोन टकरींमध्ये पाचेक मिलिमीटर मोकळे मिळतात आणि चिमुकल्या इलेक्ट्रॉनला काही सेंटिमीटर. नळीच्या लांबीशी तुलना करता येईल एवढी ही मोकळीक झाली की इलेक्ट्रॉन सरळ रेषेत समोरच्या काचेपर्यंत पोचतात.

कॅथोड किरण हिरवे असतात का?

नाही, ते दिसतच नाहीत. चमकते ती काच. साध्या सोडा काचेची चमक पिवळट हिरवी असते, शिशाच्या काचेची निळी. उत्तरपत्रिकेत ‘किरणांचा रंग हिरवा’ असं लिहिलेलं मी दरवर्षी वाचतो, म्हणून इतकं ठासून सांगतो आहे.

ते सापडले कुणाला?

एका माणसाचं नाव देता येत नाही, आणि द्यायचंच तर मी काचकामगारापासून सुरुवात करेन. हाइनरिश गाइसलर जर्मनीतल्या बॉन शहरात वैज्ञानिकांना काचेची उपकरणं बनवून देत असे. १८५५च्या सुमारास त्याने पाऱ्याने हवा ओढून घेणारा पंप बनवला. पाऱ्याचं भांडं हाताने वर न्यायचं, खाली आणायचं. प्रत्येक खेपेला थोडी हवा बाहेर. दट्ट्याच्या पंपांची गळती यात नव्हती. अशा पंपाने रिकाम्या केलेल्या, टोकांना तारा वितळवून बसवलेल्या त्याच्या नळ्या युरोपभर गेल्या.

त्याच शहरातल्या युलियस प्लूकरने १८५८मध्ये पाहिलं की कॅथोडजवळची काच हिरवी चमकते आणि चुंबक जवळ नेला की ती चमक सरकते. त्याचा शिष्य योहान हिटॉर्फ याने १८६९मध्ये दाखवलं की मध्ये वस्तू ठेवली तर काचेवर तिची सावली पडते, म्हणजे कॅथोडमधून निघणारं जे काही आहे ते सरळ जातं. १८७६मध्ये बर्लिनच्या ऑयगेन गोल्डस्टाइनने त्याला कॅथोड किरण हे नाव दिलं. तोवर हर्मान श्प्रेंगेलचा पंप आला होता. त्यात पाऱ्याचे थेंब बारीक नळीतून पडताना आपल्यामध्ये हवेचे बुडबुडे अडकवून खाली नेतात. काम तासन्‌तास चाले, पण त्याने गाठलेली पोकळी आधी कुणी पाहिली नव्हती. लंडनच्या विल्यम क्रूक्सचे प्रयोग या पंपावर उभे आहेत.

क्रूक्सच्या चाकाच्या प्रयोगातून किरणांना संवेग असतो हे सिद्ध होतं ना?

अनेक पाठ्यपुस्तकांत तसं छापलेलं आहे आणि मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवलं. ते चूक आहे. नळीत काचेच्या रुळांवर अभ्रकाच्या पात्यांचं हलकं चाक असतं. किरण पात्यांवर पडले की चाक कॅथोडपासून दूर गडगडत जातं. क्रूक्सला वाटलं, कण ढकलत आहेत. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने हिशेब केला, तेव्हा इलेक्ट्रॉनांचा धक्का चाक इतक्या वेगाने फिरवायला फारच अपुरा निघाला. किरणांनी पात्यांची एक बाजू तापते, आणि नळीत उरलेला वायू त्या गरम बाजूला जास्त रेटतो, म्हणून चाक फिरतं. इलेक्ट्रॉनांना संवेग असतो हे खरंच आहे, फक्त हे चाक त्याचा पुरावा नाही.

सावलीचा प्रयोग मात्र चोख आहे. नळीत उभा केलेला धातूचा क्रॉस समोरच्या काचेवर स्वच्छ काळी सावली टाकतो. थोड्या वेळाने नळी हलवून क्रॉस आडवा पाडला की सावलीच्या जागी आजूबाजूपेक्षा जास्त उजळ क्रॉस दिसतो, कारण बाकीची काच चमकून चमकून थकलेली असते आणि ही ताजी असते. क्रूक्सने ते नोंदवलं आहे. १८७९मध्ये शेफील्डच्या भाषणात त्याने या सगळ्याला पदार्थाची चौथी अवस्था म्हटलं. आयनीभूत वायूला प्लाझ्मा हे नाव अर्व्हिंग लँगम्यूरने १९२८मध्ये दिलं.

किरण म्हणजे लहरी की कण, यावर एवढा वाद का झाला?

जवळजवळ वीस वर्षं झाला, आणि दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. ढोबळ मानाने जर्मन शास्त्रज्ञ त्यांना ईथरमधल्या (सगळी जागा व्यापणारं मानलेलं एक माध्यम) लहरी समजत, ब्रिटिश त्यांना भारित कण. चुंबकाने किरण वळतात हे कणांच्या बाजूने. पण भारित कण असतील तर विजेच्या क्षेत्रानेही वळायला हवेत. विद्युतचुंबकीय लहरी शोधणाऱ्या हाइनरिश हर्ट्झने १८८३मध्ये नेमका हाच प्रयोग केला, आणि किरण हलले नाहीत. त्याच्यासारखा कसबी माणूस सांगतो म्हटल्यावर ते मानलं गेलं. १८९२मध्ये त्याने दुसरी गोष्ट दाखवली, की किरण पातळ धातूच्या पत्र्यातून पार जातात. त्याचा सहायक फिलिप लेनार्ड याने ॲल्युमिनियमची पातळ खिडकी लावून ते नळीबाहेरच्या हवेत आणले. अणूएवढे कण धातूच्या भिंतीतून कसे जातील?

उलट बाजूने १८९५मध्ये पॅरिसमध्ये झाँ पेराँने किरण एका धातूच्या भांड्यात पकडले, आणि भांड्यात ऋण भार जमा झाला.

हर्ट्झच्या प्रयोगात दोष होता तो पोकळीचा. नळीत उरलेल्या वायूतून किरण गेले की तो वायू स्वतः वाहक बनतो. त्याचे आयन विद्युत पट्ट्यांकडे ओढले जातात आणि पट्ट्यांच्या क्षेत्रावर पांघरूण घालतात, त्यामुळे किरणांपर्यंत ते क्षेत्र पोचतच नाही. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत थॉमसनलाही आधी तसाच नकार मिळाला होता. मग हवा आणखी उपसली, आणि किरण वाकले. दोन व्होल्टच्या फरकानेही वाकतात, असं त्याने १८९७च्या लेखात लिहिलं. चौदा वर्षांचा तिढा थोडी आणखी हवा काढल्यावर सुटला. सुरुवातीला मी पंपाचं नाव घेतलं ते यासाठी.

आणखी एक नाव इथे आवर्जून घेतो. थॉमसनचा हात उपकरणांच्या बाबतीत फारसा चालत नसे. त्याच्या नळ्या फुंकणारा, जोडणारा, गळती शोधणारा माणूस एबेनेझर एव्हरेट होता. त्याची काच गळली असती तर हा शोध त्या वर्षी त्या खोलीत लागला नसता.

थॉमसनने मोजलं तरी काय आणि कसं?

भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर मोजलं. किरणांना एकीकडे विजेच्या क्षेत्राने वळवायचं, दुसरीकडे चुंबकीय क्षेत्राने, आणि दोन्ही ओढी सारख्या करून ठिपका पुन्हा मधोमध आणायचा. त्या क्षणी विद्युत क्षेत्राला चुंबकीय क्षेत्राने भागलं की सरळ वेग मिळतो. मग चुंबक काढून फक्त विजेने ठिपका किती सरकतो ते मोजलं की गुणोत्तर हातात येतं. बारावीची मुलंही हे गणित पाच ओळींत करतात.

आज मान्य असलेला आकडा किलोमागे सुमारे १७,६०० कोटी कूलोम आहे. हायड्रोजन आयनसाठी तोच आकडा ९.५८ कोटी. पहिला दुसऱ्याच्या सुमारे १८३६ पट. थॉमसनचा आकडा इतका नेमका नव्हता, पण हजारपटीच्या वरचा फरक त्याला स्पष्ट दिसला. आणि नळीत हवा, हायड्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला, कॅथोड ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅटिनमचा घेतला, तरी उत्तर तेच येत राहिलं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक पदार्थातून तोच कण निघतो, म्हणजे तो सगळ्या अणूंचा घटक असला पाहिजे. पत्र्यातून पार जाण्याचं कोडंही यातच सुटलं, कारण कण अणूपेक्षा फार लहान होता.

मग इलेक्ट्रॉन थॉमसननेच शोधला असं म्हणायचं ना?

म्हणा, पण शेजारची नावं विसरू नका. ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज जॉन्स्टन स्टोनीने १८९१मध्येच विजेच्या मूलभूत परिमाणासाठी सुचवला होता. थॉमसन स्वतः त्याला ‘कॉर्पसल’ म्हणत राहिला. १८९७च्या जानेवारीत क्योनिग्सबर्गच्या एमिल वीशर्टने हे कण अणूपेक्षा खूप हलके असल्याचं जाहीर केलं होतं. बर्लिनमध्ये वाल्टर काउफमानने त्याच वर्षी हेच गुणोत्तर मोजलं, पण त्यातून नवा कण आहे असा दावा केला नाही. आकडा अनेकांच्या हाती होता. हा अणूचा तुकडा आहे, असं म्हणण्याची हिंमत थॉमसनने केली. त्याला १९०६चं नोबेल मिळालं. भार सुटा मोजायला रॉबर्ट मिलिकनच्या तेलाच्या थेंबांची वाट पाहावी लागली.

कॅनाल किरण म्हणजे काय?

कॅथोडला भोकं पाडली तर त्याच्या मागच्या बाजूलाही किरण निघतात. गोल्डस्टाइनने ते १८८६मध्ये पाहिले. कॅथोडकडे धावत येणारे धन आयन भोकांतून पलीकडे जातात, तेच हे. त्यांचं गुणोत्तर नळीतल्या वायूप्रमाणे बदलतं. त्यांच्यावर काम करताना थॉमसनला निऑनचे दोन वेगळ्या वस्तुमानांचे अणू सापडले, २० आणि २२. वस्तुमानानुसार कण वेगळे करणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापकाची सुरुवात इथून झाली.

एक्स-रे आणि कॅथोड किरण एकच का?

नाही. कॅथोड किरण म्हणजे इलेक्ट्रॉन. ते काचेवर किंवा धातूवर आदळून अचानक थांबले की एक्स-रे निघतात, आणि ते प्रकाशासारख्याच लहरी आहेत. ८ नोव्हेंबर १८९५ला वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेनने नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती, तरी थोड्या अंतरावरचा रसायन फासलेला पडदा चमकला. त्याने या शोधाचं पेटंट घेतलं नाही.

त्या काळच्या एक्स-रे नळ्यांना उरलेल्या वायूची गरज असे. वापरता वापरता तो वायू काचेत आणि धातूत शोषला जाई, आणि नळी ‘कडक’ होऊन बंद पडे. १९१३मध्ये विल्यम कूलिजने तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन काढले आणि वायूची गरजच संपवली.

घरातल्या ट्यूबलाइटमध्ये कॅथोड किरण असतात का?

क्रूक्सच्या नळीतल्यासारखे नाहीत. ट्यूबमध्ये दिसतो तो धन स्तंभ. आत काही मिलिमीटर दाबाचा आरगॉन आणि किंचित पाऱ्याची वाफ असते. पाऱ्याचे अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात, आणि काचेच्या आतली पांढरी पूड त्याचा उजेड करते.

जुन्या पद्धतीच्या ट्यूबचा स्टार्टर मला फार आवडतो, कारण ती स्वतःच एक छोटी विसर्जन नळी आहे. बटण दाबलं की आधी स्टार्टरमधला वायू पेटतो. त्या उष्णतेने आतली दुहेरी धातूची पट्टी वाकून चिकटते, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. पट्टी निवून सुटली की चोक (ट्यूबला जोडलेली तारेची गुंडाळी) जोराचा झटका देतो आणि ट्यूब लागते. पेटलेल्या ट्यूबवर व्होल्टेज कमी राहतं, म्हणून स्टार्टर पुन्हा पेटत नाही. पेटल्यानंतर चोकचं काम उलटं: प्रवाह आवरणं. पेटलेल्या वायूतून प्रवाह वाढला की वाट आणखी सोपी होते आणि प्रवाह आणखी वाढतो. चोक नसेल तर ट्यूब क्षणात जाईल.

निऑनच्या पाट्यांचे रंग?

लालसर नारिंगी रंग निऑनचा. जॉर्ज क्लोदने १९१०मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात तो झळकवला. बाकीचे रंग बहुधा आरगॉन-पारा, रंगीत काच आणि आतून फासलेली पूड यांचे असतात.

जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब म्हणजे कॅथोड किरणांचीच नळी ना?

हो. फर्डिनांड ब्राउनने १८९७मध्येच स्ट्रासबुर्गला अशी पहिली नळी केली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हापासून सपाट पडदे येईपर्यंत ज्या घरात टीव्ही होता त्या घरात कॅथोड किरण होते. फरक दोन: इथे कॅथोड तापलेला असतो, आणि पोकळी कितीतरी चांगली असते. रंगीत संचात सुमारे २५,००० व्होल्ट असत, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या सुमारे ३० टक्के. त्यातून निघणारे थोडे एक्स-रे जाड, शिसंयुक्त काच अडवत असे.

माळ्यावर असा संच पडून असेल तर तो उघडू नका, फोडू तर अजिबात नका. बंद करूनही त्यात विजेचा साठा राहू शकतो, आणि नळी फुटली तर बाहेरच्या हवेच्या दाबाने काच आत दबून तुकडे वेगाने उडतात. ई-कचरा घेणाऱ्यांकडे अखंड द्या.

निसर्गात असं कुठे दिसतं?

ध्रुवीय प्रकाशात. शंभर किलोमीटर आणि त्याहून वरची हवा आपल्या नळीसारखीच विरळ, किंबहुना अधिक विरळ. वरून येणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला धडकतात; हिरवा उजेड ५५७.७ नॅनोमीटरचा, त्याहून उंचावरचा लाल ६३०चा. नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्कलँडने निर्वात पेटीत चुंबक भरलेला गोळा टांगून त्याच्यावर कॅथोड किरण सोडले, आणि गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजेडाची कडी पडली. १० मे २०२४च्या रात्रीच्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेहून आकाशाचा लाल रंग टिपला गेला, तो याच जातीचा.

पावसाळी ढगांच्या खूप वर, पन्नास ते नव्वद किलोमीटरवर, मोठी वीज पडल्यावर क्षणभर लाल झुंबरं उमटतात. त्यांना स्प्राइट म्हणतात. तो उजेड विरळ हवेतल्या नायट्रोजनचा.

प्रयोगशाळेत कोणती काळजी घ्यायची?

इंडक्शन कॉइल बंद केल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही. काच चमकायच्या अवस्थेत नळी मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नये आणि मुलांना दोन-तीन मीटर मागे उभं करावं, कारण व्होल्टेज जास्त असेल तर एक्स-रे निघतात. आमच्याकडे एकदा पंप बंद करताना हवा आत सोडणारी खीळ उघडायची राहिली आणि पंपाचं तेल नळीत चढलं. ती नळी पुन्हा कधी धड पेटली नाही. आता खिळीवर लाल चिंधी बांधलेली असते.

हे घरी बघायचं असेल तर?

उच्च व्होल्टेजची खटपट घरी करू नका. जुन्या स्विचबोर्डावर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर नारिंगी इंडिकेटर असेल तर तेवढा पुरे. लाइन टेस्टरमध्येही तोच निऑनचा दिवा असतो, मेगाओमच्या आसपासच्या रोधाच्या मागे. नव्या बोर्डांत एलईडी असते, तिचा इथे उपयोग नाही.

इंडिकेटर निऑनचा असेल तर जवळून बघा. आत दोन बारीक तारा दिसतील, आणि उजेड तारांच्या मधल्या जागेत नसून तारांना लपेटलेला असेल. दोन्ही तारा इतक्या जवळ आहेत की धन स्तंभाला जागाच नाही. उरली आहे ती फक्त कॅथोडची झळाळी. घरची वीज दिशा बदलते, म्हणून दोन्ही तारा आळीपाळीने कॅथोड होतात. खोलीत पूर्ण अंधार करा, छोटा आरसा हातात घ्या आणि इंडिकेटरचं प्रतिबिंब त्यात बघत आरसा झपकन बाजूला फिरवा. उजेडाची सलग रेघ न दिसता तुटक तुकडे दिसतील, सेकंदाला शंभर. नीट पाहिलंत तर एक तुकडा एका तारेचा, पुढचा दुसरीचा.